साडूभाऊ, इंजिन गेलं!

११ मार्च

साडूभाऊंस,

नमस्कार नंतर. आधी बातमी. आपली गाडी गेली. चोरीला नाही हो, तेवढं नशीब कुठलं! इंजिन गेलं. भर पुलावर, चढावर, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, मोठ्ठा आवाज करून गेलं.

फोन न करता पत्र का लिहितोय, असं तिकडे तुमच्याशेजारी बसून ताई विचारतील. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला वाजतं, आणि पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. म्हणून.

तर झालं असं. मामांना घेऊन व्यायामाच्या दवाखान्यातून परत येत होतो. (मामा तुमचेही सासरे आहेत. धरणाच्या कामावर जाऊन सहा महिने झाले, विसरला असाल तर आठवण करून देतो.) मामांची चाकांची खुर्ची त्यांच्यासकट नेहमीसारखी फळीवरून मागच्या दाराने चढवलेली, चाकं पट्ट्यांनी आवळलेली. तुमची मेहुणी माझ्या शेजारी. पुलाचा चढ लागला आणि खालून आवाज यायला लागला. ठक. ठक-ठक. ही म्हणाली, "खडा अडकलाय कुठेतरी." मीही म्हटलं खडाच असणार. तेवढ्यात समोर तेलाच्या किटलीचं लाल चित्र लागलं. पुलावर कुठे थांबणार? म्हटलं, पलीकडे उतरू आणि बघू.

पलीकडे काही उतरलो नाही. खालून कुणीतरी घण घालावा तसा दणका बसला. स्टिअरिंग दगड झालं. आरशात बघतो तर मागे काळ्या तेलाचा ओघळ आणि धूर. हॉर्न सुरू झाले. मी बाहेर उडी मारली, ही बाहेर आली, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. काय करायचं ते कुणाच्या बापाला माहीत!

बापाला माहीत होतं. आतून मामा ओरडले, "दार उघडा! मागचं!"

ओरडले, साडूभाऊ! अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत पोचत नव्हता. आम्ही दार उघडलं, पट्टे सोडून खुर्ची उलटी फिरवली, आणि मामांनी चांगला हात वर केला. उभं आयुष्य फुटबॉलच्या मैदानावर पंच म्हणून काढलेला माणूस तो. हात वर गेला की खेळ थांबलाच पाहिजे. अख्खी रांग थांबली. मग बोटाने एकेकाला, तू ये, तू थांब, तू डावीकडून. एक बसवाला हुज्जत घालायला लागला, तर त्याच्याकडे बोट रोखून म्हणाले, "बाहेर!" बसवाला खरंच मागे गेला.

शेवटी एका बर्फाच्या ट्रकवाल्याने दोर बांधून आम्हाला गॅरेजपर्यंत ओढत आणलं. तोपर्यंत मामा मागच्या उघड्या दारातून रहदारी हाकत होते. घरी आल्यावर त्यांचे डोळे असे चमकत होते की मला गाडीचा शोक करायचं सुचेना.

पण शोक आहे. आणि रागही. गाडी तुम्ही पसंत केलीत. टेप लावून तिची उंची मोजलीत, फळीचा उतार मोजलात, जमिनीचं मोजमाप करणारा माणूस तुम्ही, कसर ठेवली नाहीत. फक्त बॉनेट उघडून ऑइलची कांडी तेवढी बाहेर काढून बघितली नाहीत. आता या आणि आपला अर्धा हिस्सा उचलून न्या. कुठला अर्धा न्यायचा ते तुम्हीच ठरवा.

तुमचा
धाकटा साडू


१६ मार्च

साडूभाऊंस,

तुमचं उत्तर यायच्या आधीच लिहितोय, कारण पोटात राहत नाहीये.

आपल्या मिस्त्रीला सगळे 'सावकाश' म्हणतात. पाना हातात घेताना सावकाश, ठेवताना सावकाश, आणि समोरचा बोलायला लागला की हात वर करून "सावकाश, सावकाश." माझ्यासारख्या माणसाला असा मिस्त्री म्हणजे शिक्षाच. पहिल्या दिवशी त्याने आवाजाचं वर्णन ऐकून सांगितलं, "हेड गॅस्केट. वरच्या झाकणाखालची पट्टी गेली. दोन दिवसांचं काम." मी खूश. घरी येऊन हिला सांगितलं. हिनेही लगेच शेजारी सांगितलं.

काल त्याने गाडी वर उचलली आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. गॅस्केट कसलं घेऊन बसलात! इंजिनाच्या ब्लॉकला भोक, साडूभाऊ! मूठ जाईल एवढं. आतला एक रॉड तुटून लोखंड फोडून बाहेर आलेला. बाहेरून नीट दिसेना, म्हणून मी कवळ्यांच्या लॅबमधला माझा लहान आरसा खिशातून काढला, कवळी तोंडात बसते का ते डॉक्टर बघतात तसला, आणि तो आत घालून टॉर्च मारला. काय सांगू तुम्हाला! आत अख्खं शहर आहे. जिने, बोगदे, गल्ल्या. आणि त्यात सगळीकडे डांबरासारखा काळा चिखल.

मग चेंबर काढला, म्हणजे खालचं ऑइलचं भांडं. तळाला एक जाळी असते, तिच्यातून पंप ऑइल ओढतो. ती जाळी चिखलाने पार बुजलेली. आधीच्या मालकाने ऑइल बदललंच नसणार. पंप बिचारा ओढतोय, वर काहीच जात नाहीये. बेअरिंग कोरडं पडलं, तापलं, फिरलं आणि मग रॉड सुटला. ते बेअरिंग मी हातात घेऊन बघितलं. नखाएवढं पातळ आणि वेडंवाकडं. एवढ्याशा पत्र्यावर आपलं सगळं कुटुंब पूल चढत होतं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तिथेच पालथ्या डब्यावर बसून सावकाशला दुपारपर्यंत प्रश्न विचारत राहिलो. हे काय करतं? हे का फिरतं? शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुमच्या कवळ्या वाट बघत असतील." मग म्हणाला, "याचं काही होणार नाही. भंगारात द्या."

मी म्हटलं, "देणार नाही."

माझ्या तोंडून असं का निघालं ते मलाच कळलं नाही. तुमच्यावरच्या रागाने निघालं असेल.

धाकटा साडू


२७ मार्च

साडूभाऊंस,

तुमचं कार्ड मिळालं. "गाडी विका. माझा हिस्सा सोडला. इकडे बरं आहे." तीन वाक्यं. तार करायचे दिवस गेले हो, शब्दाला पैसे पडत नाहीत आता.

हिस्सा सोडला म्हणे! तुम्ही निघालात त्या दिवशी दारात मी "जबाबदारी टाकून पळताय" म्हणालो ते मला आठवतं. तुम्ही काय बोललात ते अख्ख्या गल्लीला आठवतं. "घरजावयाला जबाबदाऱ्या दिसणारच, आयतं छप्पर मिळालंय ना." तुम्ही टेम्पोत बसलात आणि गेलात. मी त्या छपराखाली आत आलो आणि मामांना संध्याकाळची गोळी दिली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गोळी घेतली आणि माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं.

असो. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

विकायचं म्हणता, तर ऐका. बुधवारी मामांना दवाखान्यात न्यायला टॅक्सी बोलावली. खुर्ची आत जात नाही, मग ड्रायव्हरने आणि मी त्यांना दोन बाजूंनी उचललं. ड्रायव्हर चांगला होता, जपून उचललं त्याने. पण मामांचा सदरा वर गेला, चप्पल पडली, आणि रस्त्यावरची चार माणसं बघत उभी राहिली. परत आल्यावर म्हणाले, "पोतं नाही मी." आणि आता दवाखाना नको म्हणतात. दिवसभर भिंतीकडे तोंड. पुलावरचा तो आवाज पुन्हा आत गेला आहे.

त्यातच मामांच्या क्लबाची माणसं येऊन गेली. जुनं मैदान मोडून नवीन बांधणार आहेत. वीस एप्रिलला तिथला शेवटचा सामना. सुरुवातीची शिट्टी मामांनी वाजवावी अशी त्यांची इच्छा. मामांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "येतील! आमच्या गाडीतून येतील!" इंजिन नसलेल्या गाडीतून.

तेव्हापासून आम्ही दोघं भंगारवाडे पालथे घालतोय. हो, तुमची मेहुणीसुद्धा. बोल्ट ढिला कसा करायचा ते तिने सावकाशकडून माझ्याआधी शिकून घेतलं. एका ठिकाणी इंजिन मिळालं, झाकण उघडलं तर आत पाणी. दुसरीकडचा माणूस म्हणाला, "एकदम लोण्यासारखं फिरतं." हिने पाना लावला, सगळा जोर लावला, ढिम्म हलेना. ही म्हणाली, "लोणी फ्रीजमधलं दिसतंय." माणूस हसला, आम्हीही हसलो. घरी येताना मात्र बसमध्ये मी वीस एप्रिलपर्यंतचे दिवस मोजत होतो.

आता मुद्दा. तुमच्या धरणावर सगळे अधिकारी याच मॉडेलच्या गाड्यांतून फिरतात, असं ताई म्हणाल्या होत्या. तिकडे दरडी कोसळतात, गाड्या चेपतात. एखाद्या चेपलेल्या गाडीचं इंजिन धड असेल का? मी मागत नाहीये. विचारतोय. नसेल तर पुन्हा तीन वाक्यांचं कार्ड पाठवा.

धाकटा साडू


८ एप्रिल

अहो साडूभाऊ!

आलं! आज सकाळी आलं!

मी कवळीत दाढा लावत होतो, मेण गरम, हात अडकलेले. दारात ट्रक थांबला आणि ड्रायव्हरने विचारलं, "इंजिन कुणाचं?" मी ओरडलो, "माझं!" मग "आमचं!" म्हणालो, आणि मेण गेलं चुलीत.

ना चिठ्ठी, ना फोन. पण कुणी बांधलंय ते सांगायला लागलं नाही. जमीन मोजायच्या तुमच्या त्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांची चौकट, प्रत्येक भोकात कापडाचा बोळा, प्रत्येक वायरला चिकटपट्टी आणि तिच्यावर आकडा. आकड्याचा कागद पिशवीत. कुठली वायर कुठून सुटली, सगळं लिहिलेलं. सावकाशने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "हे कोण आहेत तुमचे?" मी म्हटलं, "साडू." तो म्हणाला, "सांभाळून ठेवा."

ताईंनी हिला फोनवर सगळं सांगितलं, रागावू नका त्यांच्यावर. गाडीच्या मागच्या भागावर दरड पडली होती, पुढचा भाग शाबूत. साहेबाच्या मागे लागून तुम्ही ते मिळवलंत, आणि रविवारी स्वतः आडवं पडून सोडवलंत. कंबर धरली म्हणे. पट्टा बांधता की नुसतेच फिरता?

आता इथली हकिकत. इंजिन नुसतं फिरतंय एवढ्यावर सावकाशचा विश्वास नाही. खालून उघडलं. बेअरिंगवर त्याने एक बारीकसा मऊ धागा आडवा ठेवला, वरून टोपी आवळली, पुन्हा उघडली. धागा दबून चपटा झालेला. किती चपटा झाला त्यावरून मधली फट मोजायची! मी तर उडालोच. अहो, आम्हीही हेच करतो! मेणाची पट्टी चावायला द्यायची आणि दाबलं किती गेलं ते बघायचं. मी सावकाशला म्हटलं, "म्हणजे तुम्ही इंजिनाचा चावा घेताय!" तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला. फट बरोबर निघाली. सगळ्या बेअरिंगांची.

एका ठिकाणी घोडं अडलं. तुमचं इंजिन नंतरच्या सालचं, त्याचे पाय वेगळे, आपल्या गाडीच्या खोबणीत बसेनात. मग आपल्या मेलेल्या इंजिनाचे पाय काढून याला लावले. त्याचा चेंबर जुना, आपला धुऊन लखलखीत केलेला, तोही लावला. जाळी मात्र कोरी करकरीत. जाळीच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकणार नाही.

रोज संध्याकाळी मामा विचारतात, "आज काय?" बोलून समजेना, म्हणून मी प्लास्टर ओतून त्यांना क्रँकचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचा, नमुना करून दिला, पिस्टनसकट, हाताने फिरणारा. ते चांगल्या हाताने फिरवत बसतात. काल बघतो तर वाकड्या हाताने फिरवायचा प्रयत्न चालला होता. दवाखान्यात व्यायामाच्या बाई विनवण्या करायच्या तेव्हा तो हात उचलायचेही नाहीत. मी दारातूनच मागे फिरलो, बघितलं असं दाखवलं नाही. आणि तुम्हाला मात्र लगेच सांगतोय.

आभार मानायचे असतात अशा वेळी. मानले असं समजा.

तुमचा
साडू


२१ एप्रिल

साडूभाऊ,

घाईघाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर ताईंकडून वाचून घ्या.

इंजिन परवा रात्रीपर्यंत बसायला हवं होतं. पण सावकाश तो सावकाश. काल सामन्याच्या सकाळीही तो पाइप आवळतच होता. मामा कपडे करून, पंचाचा जुना काळा सदरा घालून, खुर्चीत बसून दाराशी. मी गॅरेज आणि घर यांच्यामध्ये धावतोय. ही मला म्हणाली, "तुम्ही धावल्याने ते लवकर आवळलं जात नाही, बसा." बसवतंय कुणाला!

दुपारी सावकाश म्हणाला, "मारा."

मी किल्ली फिरवली. घर्रर्र. काही नाही. पुन्हा. घर्रर्र, एक खोकला, काही नाही. सावकाश म्हणाला, "डिझेलच्या पाइपात हवा आहे, सावकाश," आणि एक नट ढिला करून हवा काढली. तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि ते गुरगुरलं, थरथरलं, सगळ्या गॅरेजभर काळा धूर, आणि चाललं! चाललं हो! मी सावकाशला मिठी मारली, त्याच्या अंगावरचं सगळं ऑइल माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर.

आणि मग बघतो तर काय, किटलीचं लाल चित्र! विझेना! मी झटकन किल्ली बंद केली. पुलावरचा तो दणका पुन्हा कानात वाजला. सावकाशचा चेहराही उतरला. आता ऑइल वर जात नाहीये की काय? त्याने दाबाचं मीटर लावलं, पुन्हा सुरू केलं. दाब उत्तम! मग दिवा का? शेवटी हिने तुमचा तो कागद काढला. "चौदा नंबर: ऑइलच्या दाबाची वायर, टोक सैल, लोखंडाला टेकतं, नीट दाबून बसवणे." आम्ही चौदा नंबर नीट दाबून बसवलाच नव्हता! दाबला. दिवा विझला. साडूभाऊ, शंभर मैलांवर बसून तुम्ही तो दिवा विझवलात!

मैदानावर पोचलो तेव्हा पहिला अर्धा संपला होता. सुरुवातीची शिट्टी दुसऱ्याच कुणीतरी वाजवलेली. मला रडू यायचं बाकी. क्लबाची माणसं धावत आली आणि म्हणाली, दुसरा अर्धा मामांचा. फळी टाकली, खुर्ची आपल्या चाकांवर, कुणाचा हात न लागता, उतरून मैदानाच्या मधोमध गेली. मामांनी शिट्टी तोंडात धरली. झटक्यानंतर ओठ एका बाजूला ओढलेले, वारा निसटतो. पहिल्या फुंकरीला नुसती फुस्स. मामांनी शिट्टी काढली, पुसली, ओठांच्या चांगल्या कोपऱ्यात धरली आणि असे फुंकले की पलीकडच्या झाडावरची पाखरं उडाली.

आणि थांबले नाहीत. खुर्चीतूनच पूर्ण अर्धा सामना चालवला. एक पेनल्टीही दिली. हरलेला संघ अजून भांडतोय की ती चुकीची होती. चुकीचीच होती. पण सांगणार कोण त्यांना!

येताना पुलावरून आलो. चढावर मी खिडकी खाली केली आणि कान लावला. काही नाही. नुसतं एकसुरी गुणगुणणं. ही म्हणाली, "ऐकताय काय?" मी म्हटलं, "काहीच ऐकू येत नाहीये, तेच ऐकतोय."

तुमचा
साडू


२६ एप्रिल

साडूभाऊंस,

आज मोठी बातमी आहे आणि ती कशी लिहावी ते समजत नाहीये.

काल जेवताना मामांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "आता थोरलीकडे. दोन महिने." मी विचारलं, "कुणीकडे?" जणू त्यांना दुसरी थोरली आहे. म्हणाले, "धरण बघायचंय. गाडी आहे ना आता." हिने लगेच बॅग काढली. बापलेकींचं हे आधीच ठरलेलं असणार, मला शेवटी सांगायचं, नेहमीप्रमाणे.

माझा आनंद बघायला हवा होतात! मी तिथल्या तिथे नकाशा पसरला. कुठे थांबायचं, कुठे डिझेल भरायचं, घाट कुठला टाळायचा. सावकाशला विचारून आलो, तो म्हणाला बिनधास्त न्या, निघायच्या आधी ऑइल बघा आणि पोचल्यावर बघा. मी म्हटलं, मध्येही बघीन. येत्या शुक्रवारी सकाळी निघतोय.

मग रात्री त्यांना झोपवायला गेलो, उशी नीट केली, आणि एकदम लक्षात आलं की परत येताना मागे खुर्ची नसणार. संध्याकाळी "आज काय?" असं कुणी विचारणार नाही. इतके महिने मी ताईंना आणि तुम्हाला मनातल्या मनात ऐकवत होतो की एकदा न्या, चार दिवस तरी न्या, आम्हालाही मोकळा श्वास घेऊ द्या. आता नेताय, तर माझाच श्वास अडकलाय. हे हिला सांगितलेलं नाही. तुम्हीही ताईंना वाचून दाखवू नका.

तेव्हा ऐका. सकाळी उठल्यावर त्यांच्याशी लगेच बोलायचं नाही, चहा होईपर्यंत ते कुणाचे नसतात. गोळी दुधाबरोबर देऊ नका, लपवून ठेवतात आणि नंतर कुंडीत टाकतात. अंघोळीला डावा हात आधी बाहीतून काढायचा, घालताना तोच आधी घालायचा. व्यायामाला नाही म्हणतील, मग तो प्लास्टरचा क्रँक पुढे ठेवायचा आणि आपण दुसरीकडे बघायचं. बघत राहिलात तर करणार नाहीत. खेळातलं ते काही सांगायला लागले तर मध्ये दुरुस्ती करू नका, तुम्हाला ती सवय आहे. ते चुकीचं सांगतात, पण रंगवून सांगतात. आणि रात्री एकदा उठून बघायचं. हाक मारत नाहीत ते. उठून बघायचंच.

दारातलं ते आपण दोघांनीही आता पुरे करू. माझं मी गिळलं. तुमचं तुम्ही आडवं पडून रविवारी सोडवलंत, असं मी धरून चालतो.

दोन महिने म्हणजे मात्र दोनच महिने हां, साडूभाऊ. लळा लागला, राहू द्या आणखी थोडे दिवस, असलं काही चालणार नाही. तुम्ही पोचवायला येईपर्यंत मी वाट बघत बसेन असंही समजू नका. गाडी आता चालते.

तुमचा
साडू